दुसऱ्या दोरावरचा माणूस

अमरावतीच्या मोटारस्टँडवर एक बोलणं रूढ आहे. पैज लावून कुणी ऐन वेळी कच खाल्ली की ड्रायव्हर लोक म्हणतात, "फिरवली का रहीमची किल्ली!" आणि हसतात. हा रहीम कोण, किल्ली कसली, हे नव्या पोरांना विचारलं तर ती खांदे उडवतात. मला माहीत आहे. ती किल्ली फिरली तेव्हा मी चिखलदऱ्याच्या घाटाखाली उभा होतो.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, की तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहून पाठवा. गमती होत्या, त्यातली एखादी सांगेनही. पण मी उभा जन्म इंजिनं ट्यून केली ती भीत भीत. माझ्या हाताखालून गेलेली गाडी पुन्हा नजरेला पडेपर्यंत घशाखाली धड घास उतरत नसे. बायको म्हणायची, "गाड्या धाडून राह्यले का लेकी सासरी धाडून राह्यले?" मी हसायचो. हसल्यानं भीती जाते असं म्हणतात, मला तसा अनुभव नाही.

ट्यूनिंग म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते कार्बोरेटर ठरवतो. त्यात जेट नावाचा पितळेचा बारीकसा तुकडा असतो, त्याला भोक असतं. भोक मोठं, तर पेट्रोल जास्त. ठिणगी कधी पडायची ते डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवून ठरवायचं. ती थोडी आधी पाडली की गाडीला जोर येतो. फार आधी पाडली तर पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर तडाखा बसतो, आणि त्यातून पेट्रोल कमी पडत असेल तर तोच पिस्टन आतल्या आत वितळू लागतो. वितळलेला पिस्टन अडकला की धावत्या गाडीची मागची चाकं जागच्या जागी आवळली जातात. सपाट रस्त्यावर ठीक आहे. घाटात काय होतं ते सांगायला नको.

रिकामं इंजिन कुठलंही गोड वाजतं. ओझ्याखाली ते काय म्हणतं ते ऐकावं लागतं. माझी नात पुण्यात हेच काम करते. ती गाडी रोलरवर चढवते, इंजिनाच्या कॉम्प्युटरला वायर लावते, आणि पडद्यावर जोराची रेघ उमटत जाते. गेल्या वर्षी तिनं मला तिथं खुर्ची देऊन बसवलं होतं. रेघ एका जागी येऊन थांबली. मी विचारलं, "पुढची कुठे गेली?" ती म्हणाली, "आजोबा, तिथपर्यंतच टेस्ट केली ना. जिथं मोजलं नाही तिथं मशीन रेघ काढत नाही." ती पुढच्या कामाला लागली आणि मी त्या खुर्चीत घामाघूम होऊन बसून राहिलो. एसी होता तरी.

आमच्याकडे मशीन नव्हतं, दोर होता.

तो मी अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये शिकलो. सरकी काढायची यंत्रं चालवायला तिथं मोठं ऑइल इंजिन होतं आणि कापसाच्या हंगामाआधी त्याची ताकद मोजून घेत. रीत सोपी होती. इंजिनाच्या मोठ्या चाकावर जाड दोराचा वेढा घालायचा. दोराच्या एका टोकाला पारडं, त्यात कापूस तोलायची वजनं. दुसरं टोक तुळईला टांगलेल्या ताणकाट्याला बांधलेलं. चाक फिरतं, दोर त्याला अडवतो. पारड्यातलं वजन, काट्यावरचा आकडा आणि चाकाचे मिनिटाचे फेरे एवढ्यावरून ताकदीचा हिशेब निघतो. दोर तापून धुमसतो, म्हणून त्याच्यावर पाणी ओतत राहायचं. जिनिंगमध्ये हवेत कापसाचे तंतू उडत असतात. एक ठिणगी पडली तर सगळं जिनिंग पेटायचं, त्यामुळे पाणी ओतणाऱ्यानं डोळ्याची पापणी लववायची नाही, असा गंगारामकाकांचा हुकूम होता.

गंगारामकाका तिथले फिटर. त्यांनीच मला हाताला धरून कामाला लावलं. एका दुपारी दोर चाकाच्या कडेला सरकतोय असं त्यांना वाटलं आणि सवयीनं त्यांनी तो बोटानं आत ढकलला. मी पाणी ओतत होतो. खाली पडणारं पाणी लाल दिसलं तेव्हा मला कळलं. काका ओरडलेसुद्धा नाहीत. "वामन, इंजिन बंद कर," एवढंच म्हणाले आणि हात धोतरात गुंडाळून खाली बसले. चार बोटं गेली. मी इंजिन बंद केलं, पण दोर माझ्या डोक्यात तेव्हापासून फिरतच राहिला.

माझे वडील त्याच जिनिंगमध्ये हमाल होते. छप्पन साली नागपूरला जाऊन ते दीक्षा घेऊन आले. आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "आता कोनाले भ्याचं नाई, वामन. कोनालेच नाई." मी मान डोलावली. माणसांना भिणं मी खरोखरच सोडलं. मालकाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलू लागलो. दोराला भिणं मात्र सुटलं नाही, आणि ते मी कुणाला सांगितलंही नाही. आमच्या वस्तीतला मी पहिला मिस्त्री. मी भितो असं कळलं असतं तर ते बोलणं माझ्या एकट्यापाशी थांबलं नसतं, सगळ्या वस्तीला चिकटलं असतं.

पुढे अमरावतीला बडनेरा रस्त्यावर मी आणि रहीमभाईंनी मिळून गॅरेज काढलं. रहीमभाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. फौजेत लॉरी चालवून आलेले. उंच, किडकिडीत, कानावर कायम एक विझलेली बिडी. भीती नावाची चीज देव त्यांच्यात घालायचीच विसरून गेला होता. तापलेल्या सायलेन्सरला बोट लावून "आजून गरम नाई झाला" म्हणायचे. मी शंभरदा नट तपासायचो, ते एकदा तपासून गाणं म्हणायला लागायचे. आमचं जमायचं ते त्यामुळेच असावं.

गॅरेजचा एक नियम होता. आम्ही घातला नव्हता, आमच्याकडच्या सगळ्याच मिस्त्रींमध्ये तो चालत आलेला होता: बांधेल तो बसेल. ज्यानं इंजिन बांधलं त्यानं पहिल्या खेपेला गाडीत मालकाशेजारी बसायचं. कागदावरच्या हमीपेक्षा ही हमी बरी. मिस्त्रीला स्वतःचा जीव तरी प्यारा असेलच.

या नियमापायी मी काय काय भोगलं! वलगावचे एक पाटील होते. लग्नाच्या वरातीत त्यांच्या मेव्हण्याची मोटार त्यांच्या मोटारीला मागे टाकून गेली, म्हणून गाडीचा जोर वाढवून घ्यायला आले. मी उघडून पाहिलं तर हवेच्या जाळीत कापूस भरलेला. एक गादी सहज झाली असती. तो काढला, प्लग घासले, गाडी उडी मारून चालायला लागली. पाटील खूष. पहिल्या खेपेला मी शेजारी. रस्त्यावर बैलगाड्या, म्हशी, आणि पाटील मान वळवून वळवून मला विचारतायत, "कसं काय मिस्त्री? कसं काय?" मी दाराची मूठ धरून डोळे मिटले. मागच्या सीटवर पाटलीणबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, गाडी तुमीच बांधली ना? मंग डोये काहून मिटून राह्यले?" रहीमभाईंना हे सांगितलं तेव्हा ते हसता हसता गाडीखाली लोळले.

एवढी एकच गंमत सांगतो. आता लाल गाडीकडे येतो.

अकोल्याच्या एका जिनिंगमालकाचे चिरंजीव, सगळे त्यांना विनूभाऊ म्हणत. पंचविशीतले, मुंबईला शिकून आलेले, बोलायला गोड. त्यांनी एका परत निघालेल्या गोऱ्या साहेबाकडून दोन सीटांची, बिनछताची, लाल रंगाची विलायती गाडी घेतली होती. तशी गाडी वऱ्हाडात दुसरी नव्हती. नागपूरच्या दोन शौकिनांशी त्यांची बोली झाली: धामणगाव गढीपासून चिखलदऱ्यापर्यंत घाट चढायचा, एकेकानं, घड्याळ लावून. प्रत्येक गाडीत तिचा मिस्त्री बसणार. नागपूरकरांनाही आमचा नियम ठाऊक होता.

विनूभाऊंनी गाडी आमच्याकडे आणली. "मिस्त्री, हिच्यातला सगळा जोर मला पाहिजे," म्हणाले. "आणि कागदावर लिहून द्या. पाच हजार फेऱ्यांपर्यंत कुठे किती जोर मिळतो, ते मला समोर ठेवून गाडी चालवायची आहे."

गाडीला दोर लावायची युक्ती माझी, आणि तिचा मला आजही अभिमान आहे. जिनिंगचं बिडाचं चाक मोटारीच्या वेगाला टिकत नाही, फुटून तोफेच्या गोळ्यासारखं सुटतं. म्हणून मी गाडीचा मागचा भाग रेल्वेच्या जुन्या स्लीपरवर चढवला आणि मागच्या दोन्ही चाकांचे टायर काढून नुसत्या रिम ठेवल्या. रिमच्या खाचेत दोर असा बसतो की जणू तिच्यासाठीच केलाय. डावा दोर माझा, उजवा रहीमभाईंचा. दोघांपाशी आपापलं पारडं, आपापला ताणकाटा, आणि दोरावर पाणी गळत राहावं म्हणून वर टांगलेली गळकी बादली. अॅक्सिलरेटरला तार बांधून ती माझ्या डाव्या हाताशी आणली होती. गाडीला छत नसल्यामुळे फेऱ्यांचा काटा मला उभ्या जागेवरून दिसायचा.

दोन्ही दोर सारखे ताणलेले लागतात. मोटारीची मागची दोन चाकं म्हणजे एका औतावरचे दोन बैल; एकानं अंग मोकळं केलं की सगळा तोल बिघडतो. ज्या बाजूचा दोर सैल पडतो तिकडचं चाक सुसाट सुटतं आणि दुसऱ्या बाजूचं मंदावून थांबतं. हे मला पाठ होतं, आणि तरीही त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं नाही.

दोन हजार फेरे, तीन हजार, साडेतीन. प्रत्येक टप्प्यावर मी "झालं!" ओरडायचो, रहीमभाई पलीकडून त्यांच्या काट्याचा आकडा ओरडायचे, मी दोन्ही आकडे लिहायचो. चार हजारापर्यंत सगळं साखरेसारखं गोड. त्याच्यापुढे तार ओढली आणि आवाज बदलला. स्लीपर थरथरू लागले. दोरातून धूर निघाला, गळत्या पाण्याची वाफ तोंडावर आली. माझी नजर काट्यावर असायला हवी होती, ती दोरावर गेली. दोर कडेला सरकतोय असं मला वाटलं. सरकत होता का? आजही सांगता येणार नाही. मला गंगारामकाकांचं धोतर दिसलं, एवढं खरं. माझा उजवा तळहात पारड्याखाली गेला आणि पारडं वर उचललं गेलं. ओझं गेलं. मी तार सोडली.

"झालं का?" पलीकडून रहीमभाई.

"पुन्हा घेऊ," मी म्हणालो.

एकूण तीनदा घेतलं. तिन्ही वेळा चार हजाराच्या पुढे माझा हात आपोआप पारड्याखाली गेला. मी त्याला आवरू शकलो नाही. पलीकडून पुन्हा प्रश्न यायच्या आधीच मी म्हणालो, "झालं." रहीमभाईंनी आकडा सांगितला नाही, मीही मागितला नाही. ते रुमालानं तोंड पुसत चहा सांगायला गेले. मी पेन्सिल घेतली, पट्टी घेतली, आणि साडेचार हजार आणि पाच हजारांसमोर अंदाजानं आकडे लिहिले. चढत आलेली रेघ तशीच पुढे नेली. दिसायला ती फार सुंदर दिसत होती.

भीती सगळ्यांनाच वाटते. पण मी भीतीपायी खोटं लिहिलं आणि त्या खोट्यावर दोन माणसं घाट चढणार होती.

पैजेच्या आदल्या दिवशी मला खरोखर ताप भरला. रहीमभाईंनी कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "तू नको बसू. मी बसतो."

"बांधेल तो बसेल, रहीमभाई."

"दोर दोघाईनं धरला का नाई? मंग कोनी बी बसलं तरी चालते." असं म्हणून ते टायरची हवा तपासायला निघून गेले. मला त्या क्षणी जे हायसं वाटलं त्याची लाज मी अजून वागवतो आहे.

थंडीचे दिवस होते. सकाळी धामणगाव गढीच्या पुढे, जिथं रस्ता चढू लागतो तिथं, तिन्ही गाड्या उभ्या होत्या. सागाची पानं रस्त्यावर पडलेली, त्यांच्यावर दव. हवा इतकी गार की तोंडातून वाफ निघत होती. गार हवा दाट असते. तिला पेट्रोल जास्त लागतं. मी जेट बसवला होता दुपारच्या उन्हात.

नागपूरकरांच्या दोन्ही गाड्या आधी गेल्या. विनूभाऊंनी हातमोजे चढवले, माझा कागद डॅशबोर्डला खोचला. मी पुढे झालो.

"विनूभाऊ, चार हजाराच्या वर जरा..."

"काय जरा?"

"जपून न्या."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "इथं तर पाच हजारापर्यंत लिहिलंय, मिस्त्री. तपासलंय ना?"

आजूबाजूला वीस-पंचवीस लोक होते. नागपूरचे होते, अकोल्याचे होते, परतवाड्याचे होते. सगळे माझ्याकडे बघत होते. रहीमभाई डाव्या सीटवर बसले होते, तेही बघत होते.

"तपासलंय," मी म्हणालो.

गाडी गेली. आम्हा मिस्त्रींना इंजिनाच्या आवाजावरून फेरे कळतात, जसं आईला रडण्यावरून कळतं की पोर भुकेलं आहे की दुखतंय. पहिलं वळण, साडेतीन हजार. दुसरं, आवाज खाली आला, पुन्हा चढला. मी मनात आकडे म्हणत होतो. मग आवाज लांबला. वर एक सरळ पट्टा आहे हे मला ठाऊक होतं, डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला खोल दरी, आणि पुढे आखूड वळण. आवाज चढू लागला. चार हजार. थोडा वर. आणखी थोडा वर.

आणि बंद झाला.

घाट एकदम गप्प झाला. पक्षी ओरडत होते ते ऐकू येऊ लागलं. कुणीतरी म्हणालं, "पोहोचले वाट्टे." मी धावायला लागलो. ताप होता, पायातली एक चप्पल तुटली, ती तिथंच टाकली. धावताना माझ्या डोळ्यापुढे एकच चित्र: कठड्याला पडलेलं खिंडार. रहीमभाईंची धाकटी मुलगी सलमा रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन गॅरेजमध्ये यायची. तिला काय सांगायचं ते मी धावता धावता जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात मला माझ्या नावानं करावी लागत होती.

पट्टा दिसला. लाल गाडी डोंगराच्या बाजूला, सरळ, रस्त्याच्या कडेला उभी होती. रहीमभाई कठड्यावर बसून बिडी पेटवत होते. विनूभाऊ रस्त्यात उभे राहून त्यांच्यावर ओरडत होते.

"काहून फिरवली? धावत्या गाडीची किल्ली काहून फिरवली तुम्ही?"

"भेलो, साहेब," रहीमभाई म्हणाले.

"कायले भेले?"

"वय झालं. दरी दिसली, मले भेव लागलं. हात गेला किल्लीवर."

विनूभाऊंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मिस्त्री, तुमचा हा फौजी! नाव मोठं आणि..." पुढचं त्यांनी गिळलं. मागून लोक येऊन पोचले. नागपूरचे दोघे वरून गाड्या घेऊन खाली आले. एकजण हसला, मग सगळे हसले. "रहीमची किल्ली," कुणीतरी म्हणालं. तिथंच, माझ्या देखत, ते बोलणं जन्माला आलं.

मी तोंड उघडलं. रहीमभाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ते मिटलं. खरं म्हणजे नजरेची गरज नव्हती. मी मिटलंच असतं.

गॅरेजमध्ये परत आल्यावर इंजिन उघडलं. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन काढला तर त्याच्या डोक्याची एक कड उंदरानं कुरतडल्यासारखी वितळलेली. अजून अर्धं मिनिट, फार तर एक. मग तो अडकला असता.

रहीमभाईंनी पिस्टन रॉकेलनं स्वच्छ धुतला, पुसला, माझ्यासमोर ठेवला.

"तुमाले माहीत होतं?" मी विचारलं. माझ्या तोंडून घरची बोली बाहेर आली.

"मी दुसऱ्या दोरावर होतो ना, वामन," ते म्हणाले. "तुहा हात पारड्याखाली गेला का माहं चाक मरे. तीन डाव मेलं. मले तिकडून तू दिसत नोयता, चाक त दिसत होतं."

"मंग बोलले काहून नाई?"

"बोललो असतो त तू आजून भेला असता. मले वाटलं, बसतो गाडीत आन् काट्यावर डोया ठेवतो. चार हजाराच्या पुढं गेला, आतून खडखड ऐकू आली का फिरवाची किल्ली." रॉकेलचे हात पुसत ते म्हणाले, "आन् तुह्या कागदाचं कोनाले सांगू नको. लोक वामनले नावं ठेवणार नाईत, तुह्या सगळ्या वस्तीले ठेवतीन. माह्या नावानं दोन दिवस हसतीन, मंग विसरतीन."

लोक विसरले नाहीत. विनूभाऊंनी मोठ्या मनानं दुसरा पिस्टन मागवू दिला, पण अकोल्याच्या त्यांच्या मित्रमंडळीत किल्लीची गोष्ट रंगवून सांगितली. तिथून ती स्टँडवर आली. पुढे आमचं गॅरेज मंदावलं तेव्हा रहीमभाई पुन्हा लॉरीवर जायला निघाले. एका वाहतूकवाल्यानं, नाव कशाला घ्यायचं, त्यांना तोंडावर विचारलं, "घाटात किल्ली फिरवशीन त माल कोन पोचवीन?" ज्या माणसानं फौजेत बर्फातून लॉरी काढली त्याला हा प्रश्न. ते घरी आले आणि मला सांगताना हसले. मी हसलो नाही. पण बोललोही नाही. उद्या बोलू, परवा बोलू, असं करत वर्षं गेली. भीतीला सवड दिली की ती घरच करते.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना म्हणालो, "आता सांगून टाकतो सगळ्याइले." ते डोळे मिटून पडले होते. म्हणाले, "कोनाले सांगतं आता? राहू दे. स्टँडवर तेवढंच नाव राह्यलं माहं." मग डोळे उघडून, जुन्या आवाजात: "पन दोर झकास लावला होता बरं का तू."

त्यांनी राहू दे म्हटलं होतं. नातीच्या पडद्यावर ती अर्धी थांबलेली रेघ पाहीपर्यंत मी ते सोयीस्करपणे ऐकत आलो. तो कुरतडलेला पिस्टन आज हे लिहिताना माझ्यासमोर टेबलावर आहे.

सलमा आता बार्शीटाकळीला असते. शाळेत शिकवायची, निवृत्त झाली. लहानपणी स्टँडवरून जाताना पोरं तिला "किल्ली, किल्ली" म्हणून चिडवायची. एकदा ती डबा ठेवून मला म्हणाली होती, "काका, अब्बा खरंच भेले होते?" मी तिला म्हणालो होतो, "घाटात सगळेच भितात, बेटा." तिला दुसरं उत्तर मिळालंच नाही.

हा अंक छापून आला की तो आणि पिस्टन पिशवीत घालून मी बसनं जाणार आहे. नात म्हणाली, "आजोबा, तुमचं वय बघा, मी पोचवते ना." मी नको म्हटलं. दारात सलमा काय म्हणेल ते मला माहीत नाही. ती दार लावून घेईल, किंवा नुसती माझ्याकडे बघत राहील, आणि त्या बघण्याची मला दोरापेक्षा जास्त भीती वाटते.

पण इंजिन मी बांधलं होतं. या खेपेला मीच बसणार आहे.